सात पोती घनसाळ : भाताच्या एका स्थानिक वाणाची आयएसएसआर आणि एसएसआर मार्करांनी केलेली तपासणी

मे महिन्याच्या अखेरीस, धूळवाफ पेरणीची (पावसाआधी कोरड्या मातीत करायच्या पेरणीची) लगबग सुरू होण्याच्या थोडे आधी, आजरा तालुक्यातले एक शेतकरी कोल्हापुरातल्या आमच्या महाविद्यालयाच्या वनस्पतिशास्त्र विभागात दोन पुरचुंड्या घेऊन आले. एकीत दोन वर्षांपूर्वीचे घरात शिल्लक राहिलेले घनसाळ भात होते आणि दुसरीत गेल्या हंगामातले. त्यांचे म्हणणे एका वाक्यात मावत होते : "सर, वास हाय, पण पहिल्यागत न्हाई, बियाणं बिघडलंय का, तेवढं बघून सांगा." या एका वाक्याचे उत्तर द्यायला आम्हाला पुढची दीड वर्षे लागली, आणि त्यांतले पहिले तीन महिने आम्ही भलत्याच प्रश्नाचे उत्तर शोधण्यात घालवले. ते सगळे प्रकरण इथे सविस्तर मांडत आहे, कारण आमच्या हातून झाली तशी चूक पदव्युत्तर प्रकल्पांत सहज होऊ शकते आणि तिची किंमत प्रयोगशाळेबाहेरच्या माणसाला मोजावी लागते.

पार्श्वभूमी

आजरा घनसाळला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. हिरण्यकेशीच्या खोऱ्यात पिढ्यान्‌पिढ्या पिकवला जाणारा हा भात सुवासिक आहे, उंच वाढतो, त्यामुळे वाऱ्यापावसात लोळतो, आणि सुधारित वाणांच्या मानाने त्याचा उतारा कमी येतो. उतारा कमी असूनही तो टिकून आहे याचे कारण त्याला मिळणारा भाव, आणि तो भाव नावावर व वासावर मिळतो. बियाणे बहुतेकांचे घरचेच असते किंवा पै-पाहुण्यांकडून आणलेले असते. त्यामुळे एखाद्याच्या बियाण्यात भेसळ आहे असे कोणी प्रयोगशाळेच्या नावाने म्हटले, तर ते बोलणे त्या माणसाच्या दारात येणाऱ्या गिऱ्हाइकापर्यंत पोहोचते. हे भान आम्हाला सुरुवातीला जेवढे असायला हवे होते तेवढे नव्हते, हे मी मोकळेपणाने नोंदवतो.

त्या शेतकऱ्यांच्या ओळखीने आणखी सहा जण तयार झाले आणि एकूण सात घरांचे घनसाळ आमच्याकडे तपासणीसाठी आले. त्यांत एका आजींचेही बियाणे होते. त्या दरवर्षी कापणीआधी स्वतः शेतात उतरून, बांधाकडेची झाडे सोडून शेताच्या मधल्या भागातल्या लोंब्या निवडतात, त्यांची जुडी बांधतात आणि ती आढ्याला टांगून ठेवतात. गावात त्यांच्या बियाण्याला जुने बियाणे म्हणून मान आहे.

पहिला प्रयत्न

वनस्पतीच्या डीएनएमध्ये ठिकठिकाणी एक ते सहा बेसांचा (डीएनएच्या अक्षरांचा) एखादा छोटा तुकडा एकामागून एक अनेकदा आलेला असतो, जपमाळेत एकसारखे मणी ओवावेत तसा. डीएनएची नक्कल होताना अशा ठिकाणी नक्कल करणारे एन्झाइम घसरते आणि एखादा मणी कमी-जास्त होतो. म्हणून एकाच जातीच्या दोन झाडांत, बाकीचा डीएनए जवळजवळ सारखा असतानाही, या पुनरावृत्तींची लांबी वेगळी सापडू शकते. जनुकीय भिन्नता मोजण्यासाठी या जागांचा उपयोग दोन प्रकारे करता येतो. एसएसआर म्हणजे मायक्रोसॅटेलाइट पद्धतीत त्या माळेच्या दोन्ही बाजूंचा क्रम माहीत करून घेऊन तिथे प्रायमर (नक्कल सुरू करून देणारे डीएनएचे छोटे तुकडे) बसवतात आणि मधल्या माळेची लांबी मोजतात. आयएसएसआर पद्धतीत प्रायमर खुद्द पुनरावृत्तीवरच बसतो, आणि एकमेकींकडे तोंड करून असलेल्या दोन जवळच्या पुनरावृत्तींच्या मधला भाग वाढवला जातो. ही दुसरी पद्धत झिएत्किएविच, राफाल्स्की आणि लाबुडा यांनी १९९४ मध्ये मांडली. तिला त्या वनस्पतीचा क्रम आधी ठाऊक असावा लागत नाही, साधे अगारोज जेल (तुकडे लांबीनुसार वेगळे करून पट्ट्यांच्या रूपात दाखवणारा थर) पुरते आणि खर्च बेताचा येतो. ज्या रानवनस्पतींच्या डीएनएबद्दल काहीच माहिती नसते, तिथे ती फार उपयोगी पडते.

भाताची गोष्ट वेगळी आहे. भाताच्या बारा गुणसूत्रांचा संपूर्ण क्रम २००५ मध्येच प्रसिद्ध झाला आणि त्याच्याही आधी, २००२ मध्ये, मॅक्काउच आणि सहकाऱ्यांनी २,२४० नवे एसएसआर मार्कर (ओळखखुणा) गुणसूत्रांवरच्या जागांसह जाहीर केले होते. आरएम या अक्षरांनी आणि क्रमांकाने ओळखले जाणारे हे मार्कर ग्रॅमीन या माहितीकोशात कोणालाही पाहता येतात. इतकी श्रीमंत माहिती हाताशी असताना आम्ही आयएसएसआर निवडले. त्याचे खरे कारण एवढेच की ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाच्या संचातले ८०७, ८१०, ८११, ८३५ आणि ८४१ हे प्रायमर आमच्या फ्रीजमध्ये आधीपासून होते. वनस्पतींत दोन बेसांच्या पुनरावृत्तींपैकी एटी ही सर्वाधिक आढळते, परंतु तिचा प्रायमर स्वतःलाच चिकटतो, म्हणून या कामात एजी आणि जीए यांच्यावरच भिस्त ठेवावी लागते. आमचे पाचही प्रायमर त्याच घराण्यातले होते : एजी किंवा जीए आठ वेळा, आणि शेवटी जहाजाच्या नांगरासारखे एक-दोन बेस, जेणेकरून प्रायमर माळेवर कुठेही न बसता तिच्या टोकाशीच बसावा.

जुलैमध्ये आमच्या विद्यार्थिनीने सातही शेतांतून पाने आणली. प्रत्येक शेतातल्या दहा झाडांची कोवळी पाने एकत्र कुटून त्यांचा एकच डीएनए नमुना करायचा असे आम्ही ठरवले होते. सीटीएबी या रसायनाच्या पद्धतीने डीएनए काढला, पीसीआर केले (म्हणजे हव्या तुकड्यांच्या असंख्य नकला काढल्या), जेल चालवले, प्रत्येक पट्ट्यासाठी आहे तर १ आणि नाही तर ० अशी सारणी भरली, जॅकार्डच्या सूत्राने साम्य काढले आणि यूपीजीएमए पद्धतीने वृक्षाकृती, म्हणजे जास्त साम्य असलेले नमुने जवळच्या फांद्यांवर ठेवणारी आकृती, काढली. संगणकाने दोन स्वच्छ गट दाखवले. एका गटात चार घरांचे भात होते आणि दुसऱ्यात तीन घरांचे. आजींचे बियाणे चाराच्या गटात आले. वाटले, तीन घरांचे बियाणे खऱ्या घनसाळपासून दूर गेले आहे. सेमिनारमध्ये तसे मांडलेही गेले, आणि पुढच्या आठवड्यात आजऱ्याला जाऊन सांगायचे असे ठरले.

गटांचे कारण

आजऱ्याला जायच्या दोन दिवस आधी विद्यार्थिनी नोंदवही घेऊन माझ्याकडे आली. तिने वृक्षाकृतीतल्या सात नावांपुढे डीएनए काढल्याची तारीख लिहिली होती. चाराच्या गटातले चारही नमुने पहिल्या दिवशीचे होते आणि तिघांच्या गटातले तिन्ही दुसऱ्या दिवशीचे. पहिल्या खेपेची पाने बर्फ भरलेल्या थर्माकोलच्या डब्यातून आली होती. दुसऱ्या खेपेला बर्फ मिळाला नव्हता, पाने ओल्या फडक्यात गुंडाळून प्लॅस्टिकच्या पिशवीत भरली होती, पावसामुळे गाडी वाटेत काही तास अडकली होती, आणि कोल्हापुरात पोहोचेपर्यंत पिशवीतली पाने कोमेजून त्यांना वाफेचा वास येत होता. हे सगळे तिने त्याच दिवशी नोंदवहीत लिहून ठेवले होते. लिहिले नसते, तर आमच्या ते लक्षातही आले नसते. या प्रकरणात सर्वांत मोलाचे काम कोणते झाले असे कोणी विचारले, तर मी त्या नोंदीकडे बोट दाखवीन.

आम्ही जेलची छायाचित्रे पुन्हा काढून मोठ्या पडद्यावर पाहिली. पहिल्या चार ओळींत वरपासून खालपर्यंत पट्टे होते. पुढच्या तीन ओळींत खालचे, म्हणजे लहान लांबीचे, पट्टे अगदी तसेच आणि तितकेच ठळक होते, पण साधारण १,५०० बेस जोड्यांच्या वरचे पट्टे एकतर पुसट होते किंवा नव्हतेच. खऱ्या जनुकीय फरकाने पट्टे जातात तेव्हा ते कुठूनही जातात, मधूनही आणि खालूनही. फक्त वरचेच पट्टे एका रांगेत नाहीसे होणे ही तुटलेल्या किंवा मळलेल्या डीएनएची खूण आहे, कारण लांब तुकडा वाढवायचा तर मूळ डीएनए तेवढ्या लांबीत अखंड असावा लागतो. डीएनए मोजताना २६० आणि २८० नॅनोमीटरच्या शोषणाचे गुणोत्तर सातही नमुन्यांत १.८ च्या आसपास आले होते आणि तेवढ्यावर आम्ही निर्धास्त झालो होतो. ते गुणोत्तर मुख्यतः प्रथिनांचा मळ दाखवते. २६० आणि २३० चे गुणोत्तर स्वच्छ नमुन्यात २ च्या जवळ असते. दुसऱ्या दिवशीच्या तिन्ही नमुन्यांत ते बरेच खाली होते, म्हणजे शर्करायुक्त पदार्थ व इतर मळ डीएनएसोबत आला होता. आणि मूळ डीएनएचे जेल पाहिले असते तर एका घट्ट पट्ट्याऐवजी खाली ओघळलेली धूसर शेपटीही दिसली असती.

असल्या उणिवेचा आकड्यांवर किती परिणाम होतो, हे एका साध्या हिशेबात दिसते. समजा एकाच झाडाचे दोन नमुने आहेत आणि चांगल्या नमुन्यात दहा पट्टे दिसतात. दुसऱ्यात त्यांतले वरचे तीन उमटले नाहीत. जॅकार्डच्या सूत्रात दोघांत समान असलेले पट्टे भागिले दोघांत मिळून दिसलेले एकूण पट्टे, म्हणजे ७ भागिले १०, असे साम्य ०.७० येते. एकच झाड स्वतःशीच ७० टक्केच जुळते असा हा निकाल झाला. शिवाय सर्व खराब नमुन्यांत तेच तीन पट्टे गायब असल्याने ते नमुने आपापसांत छान जुळतात आणि वृक्षाकृतीत त्यांची वेगळी, भक्कम दिसणारी फांदी तयार होते.

नुसता तर्क पुरेसा नव्हता, म्हणून खात्री करून घेतली. सातही घरांचे बियाणे महाविद्यालयाच्या गच्चीवर ट्रेमध्ये पेरले. तीन आठवड्यांच्या रोपांपैकी काहींची पाने तोडल्या तोडल्या खलबत्त्यात घेतली, आणि त्याच रोपांची दुसरी पाने ओल्या फडक्यात, बंद पिशवीत, दिवसभर ठेवून मग कुटली. एकाच रोपाचे ताजे पान आणि कोमेजलेले पान शेजारी शेजारी चालवले तेव्हा कोमेजलेल्या पानाच्या ओळीतून वरचे पट्टे गेले. ताज्या पानांच्या सात नमुन्यांत मात्र आधीचे दोन गट उरलेच नाहीत. आजऱ्याचा दौरा आम्ही रद्द केला. तो झाला असता तर तीन घरांना आम्ही विनाकारण खोटे ठरवून आलो असतो, या विचाराने मला पुढे बरेच दिवस अस्वस्थ वाटत होते.

दुसरी उणीव : दहा झाडांचा काढा

गटांचा प्रश्न सुटला तरी मूळ प्रश्न तसाच होता. दहा झाडांची पाने एकत्र कुटून केलेल्या नमुन्यातून भेसळीचा शोध लागू शकत नाही, हे खरे तर आम्हाला आधीच सुचायला हवे होते. एखाद्या पोत्यात शंभरात पाच दाणे दुसऱ्या वाणाचे असले, तर त्या दहा झाडांत एकही परके झाड न येण्याची शक्यता ०.९५ चा दहावा घात, म्हणजे सुमारे ६० टक्के, असते. समजा एखादे आलेच, तर दहांपैकी एका झाडाचा पट्टा नऊ झाडांच्या पट्ट्यांत मिसळून पुसट उमटतो, आणि आयएसएसआरच्या सारणीत पुसट पट्ट्याचे १ करायचे की ० हे भरणाऱ्याच्या डोळ्यावर अवलंबून राहते. वेगवेगळ्या प्रदेशांतल्या समूहांची ढोबळ तुलना करायची असेल तर असा एकत्रित नमुना चालतो. पोत्यातली भेसळ शोधायची असेल तर एकेक झाड वेगळे तपासण्याला पर्याय नाही. तीस झाडे घेतली तर पाच टक्के भेसळ नजरेतून सुटण्याची शक्यता साधारण २१ टक्क्यांवर येते, आणि साठ घेतली तर ५ टक्क्यांच्या आत.

आयएसएसआरमध्ये आणखी एक मर्यादा आहे आणि या प्रकरणात तीच निर्णायक ठरली. हा मार्कर प्रभावी, म्हणजे डॉमिनंट, स्वरूपाचा आहे. आईकडून आणि बापाकडून आलेल्या दोन प्रतींपैकी एकीवर जरी ती जागा असली तरी पट्टा उमटतो, आणि दोन्हींवर असली तरी तसाच उमटतो. त्यामुळे झाड समयुग्मजी (दोन्ही प्रती सारख्या) आहे की विषमयुग्मजी (दोन प्रती वेगळ्या) हे कळत नाही. आम्हाला तर नेमके तेच हवे होते, कारण बियाणे दोन वाटांनी बिघडते आणि त्या दोन वाटांवरचे उपाय वेगळे आहेत. मळणीच्या यंत्रात, खळ्यावर किंवा पोत्यात दुसऱ्या वाणाचे दाणे मिसळले तर ती यांत्रिक भेसळ. शेजारच्या वाणाचे पराग येऊन फलन झाले तर तो संकर. भात स्वपरागित आहे आणि त्यात परपरागण साधारणतः एक टक्क्याच्या आत राहते, पण दरवर्षी तेच घरचे बियाणे राखणाऱ्याकडे एकदा शिरलेला संकर पिढ्यान्‌पिढ्या पसरत राहतो.

एसएसआरने झालेली तपासणी

दुसऱ्या फेरीत आम्ही गच्चीवरच्या रोपांतून प्रत्येक घराची तीस रोपे घेतली आणि प्रत्येक रोपाला स्वतंत्र क्रमांक दिला. तुलनेसाठी त्या भागात सर्रास घेतला जाणारा इंद्रायणी आणि आजऱ्यातलाच काळा जिरगा हे दोन वाण सोबत ठेवले. इंद्रायणीवर आमचा विशेष संशय होता. आंबेमोहर १५७ आणि आयआर ८ यांच्या संकरातून आलेला हा सुधारित वाण स्वतःही थोडा सुवासिक आहे, शेजारच्या बांधावर असतो आणि त्याच यंत्रात मळला जातो. आरएम मार्करांपैकी काही निवडून आधी फक्त हे वाण आणि आजींचे घनसाळ यांच्यावर चालवले, आणि ज्या सहा जागांवर घनसाळ व इंद्रायणी यांची लांबी स्पष्ट वेगळी दिसली त्या सहा पुढे नेल्या. सहाही जागा सहा वेगळ्या गुणसूत्रांवरच्या होत्या. एकाच गुणसूत्रावर जवळजवळ असलेल्या जागा बहुधा एकत्रच पुढच्या पिढीत जातात, त्यामुळे त्या दोन दिसल्या तरी साक्ष एकीचीच राहते.

इथे संदर्भ म्हणून आजींचे बियाणे घेणे हा काटेकोरपणे पाहता पेचाचा भाग होता, कारण तेच खरे घनसाळ असे गृहीत धरले की बाकीचे आपोआप आरोपी ठरतात. म्हणून आम्ही ते फक्त मार्कर निवडायला वापरले. निष्कर्ष काढताना सातही घरांच्या रोपांत सर्वाधिक आढळणारा सहा जागांचा नमुना हाच घनसाळचा नमुना मानला. तो आजींच्या बियाण्याशी जुळला, ही समाधानाची गोष्ट.

एसएसआरचे पट्टे वाचणे दिसते तितके सोपे नसते. दोन अ‍ॅलीलांत, म्हणजे एकाच जागेच्या दोन रूपांत, कधी कधी चार-सहा बेसांचाच फरक असतो, आणि दोन टक्क्यांच्या साध्या अगारोज जेलवर तो फरक दिसतच नाही. आम्ही साडेतीन टक्क्यांचे जास्त सूक्ष्म फरक दाखवणारे अगारोज वापरले आणि शंका आली तिथे पॉलिअ‍ॅक्रिलामाइड जेल चालवले. दोन बेसांच्या पुनरावृत्तीत मुख्य पट्ट्याखाली एकेका मण्याच्या अंतरावर फिकट सावलीपट्टे येतात, कारण पीसीआरमधले एन्झाइमही तिथे घसरते. नवख्या माणसाला ती सावली म्हणजे दुसरे अ‍ॅलील वाटते आणि तो समयुग्मजी झाडाला विषमयुग्मजी ठरवून मोकळा होतो. यावर आम्ही एक साधा उपाय केला, तो इतरांनाही करता येईल : शुद्ध घनसाळ आणि शुद्ध इंद्रायणी यांचा डीएनए समप्रमाणात मिसळून प्रत्येक जेलच्या कडेला एक ओळ चालवली. खरा विषमयुग्मजी नमुना कसा दिसायला हवा, ते त्या ओळीवरून लगेच ताडून पाहता येत होते. याशिवाय प्रत्येक प्लेटमध्ये काही रोपे दुसऱ्या क्रमांकाने पुन्हा घातली, आणि वाचणाऱ्याला ती कोणती हे सांगितले नाही.

निकाल तीन तऱ्हांचे आले. पाच घरांच्या बियाण्यात जवळजवळ सर्व रोपे सहाही जागांवर एकाच नमुन्याची निघाली. त्यांतली मोजकी रोपे फक्त एका जागेवर एका मण्याने वेगळी होती आणि त्यांची लांबी इंद्रायणीशी किंवा काळ्या जिरग्याशी जुळत नव्हती. ही भेसळ नव्हे. पिढ्यान्‌पिढ्या घरोघर राखलेल्या स्थानिक वाणात एवढी भिन्नता असायचीच, आणि माझ्या मते ती असावीही. एकाच लोंबीपासून वाढवलेल्या बियाण्याइतकी एकरूपता स्थानिक वाणाकडून मागणे म्हणजे त्याचे स्थानिकपण काढून घेणे आहे. ही मोजकी रोपे वगळायची नाहीत, असे आम्ही अहवालात स्पष्ट लिहिले.

सहाव्या घराच्या तीस रोपांपैकी चार रोपे सहाही जागांवर इंद्रायणीची निघाली, सगळीकडे एकेकच पट्टा, विषमयुग्मजी जागा एकही नाही. सर्व जागा एकदम परक्या आणि सर्व समयुग्मजी, ही दाण्यात दाणा मिसळल्याची स्वच्छ खूण आहे.

सातव्या घराचे बियाणे सर्वांत विचार करायला लावणारे होते. त्यातली पाच रोपे काही जागांवर घनसाळची, काही जागांवर इंद्रायणीची होती, आणि या पाचांच्या एकूण तीस जागांपैकी फक्त तीन जागांवर दोन्ही पट्टे दिसत होते. संकर नुकताच झाला असता, तर वेगळ्या असलेल्या सहाही जागांवर दोन्ही पट्टे दिसले असते. स्वपरागणात दर पिढीला विषमयुग्मजी जागा निम्म्या होतात : पहिल्या पिढीत १००, मग ५०, २५, आणि चौथ्या पिढीत साडेबारा टक्के. तीसांपैकी तीन म्हणजे दहा टक्के. नमुना लहान आहे, त्यामुळे पिढीचा आकडा ठासून सांगणे बरोबर नाही, पण संकर होऊन काही हंगाम उलटले आहेत एवढे निश्चितपणे म्हणता येते. आयएसएसआरच्या जेलवर ही पाच रोपे आणि सहाव्या घरातली चार रोपे यांतला हा फरक आम्हाला कधीच दिसला नसता.

वासाचा प्रश्न

आता ज्यांच्यापासून हे सुरू झाले त्या शेतकऱ्यांविषयी. त्यांचे बियाणे पाच स्वच्छ घरांपैकीच एक होते. दोन्ही पुरचुंड्यांतल्या दाण्यांचा डीएनए सहाही जागांवर सारखा होता. मग वास का कमी झाला?

एसएसआरच्या या सहा जागांचा वासाशी संबंध नाही. त्या वंशाची ओळख सांगतात, गुणधर्म सांगत नाहीत. भाताच्या वासाचा मुख्य घटक २-अ‍ॅसिटाइल-१-पायरोलिन हा आहे. आठव्या गुणसूत्रावरचे बीएडीएच२ हे जनुक काम करीनासे झाले की तो दाण्यात साठतो. बासमती आणि जास्मिन भातांत या जनुकाच्या सातव्या एक्झॉनमधून (प्रथिनाची माहिती असलेल्या तुकड्यातून) आठ बेस गळालेले आहेत, हे २००५ मध्ये दाखवले गेले. म्हणजे वासाची क्षमता जनुकातून येते. दाण्यात प्रत्यक्ष किती वास उतरतो, हे मात्र दाणा भरतानाचे तापमान, वाळवण आणि साठवण यांवर बरेच ठरते, कारण हा घटक उडून जाणारा आहे. पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या १.७ टक्के द्रावणात पानाचे तुकडे दहा मिनिटे ठेवून वास घेण्याची जुनी चाचणीही आम्ही केली. त्या शेतकऱ्यांच्या रोपांना वास होता. इंद्रायणीच्या रोपांनाही होता, म्हणून या चाचणीने भेसळ ओळखता येणार नाही हेही त्यातून कळले.

त्यांच्याशी बोलताना समजले की गेल्या हंगामात मजूर न मिळाल्याने कापणी लांबली, भात डांबरी रस्त्यावर कडक उन्हात वाळवले आणि कणगीऐवजी प्लॅस्टिकच्या पोत्यात भरून पत्र्याखाली ठेवले. वास जायला एवढे पुरेसे आहे असे आमचे मत आम्ही त्यांना दिले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, "म्हंजे बियाणं माझंच हाय. तेवढं कळलं, बास झालं."

आजऱ्यात काय सांगितले आणि पुढे काय केले

निकाल आम्ही सभेत वाचून दाखवला नाही. प्रत्येक घरी जाऊन, ज्याचे त्याला सांगितले. भेसळ हा शब्द टाळून, तुमच्या तीस रोपांत इतकी रोपे दुसऱ्या वाणाची आली, असे आकड्यांत बोललो. सहाव्या घरच्या दादांनी स्वतःच कारण सांगितले : मळणीचे यंत्र भाड्याचे होते, सकाळी शेजाऱ्याचा इंद्रायणी मळून झाला होता आणि यंत्र न झाडताच ह्यांचे भात त्यात घातले गेले. त्यांच्यासाठी उपाय सोपा होता. यंत्राचे पहिले दोन-तीन घमेले भात खायला काढून ठेवायचे, आणि उभ्या पिकात निसवताना बुटकी, लवकर फुललेली झाडे उपटून टाकायची. इंद्रायणी घनसाळपेक्षा बुटका आणि लवकर येणारा असल्याने हे डोळ्यांनी जमते. शिवाय त्यांचे शेत आणि शेजारचे इंद्रायणी यांच्यात फक्त एक बांध होता. भाताच्या प्रमाणित बियाण्यासाठी दोन वाणांत तीन मीटर अंतर राखावे लागते, म्हणून त्या कडेच्या ओळींचे भात बियाण्याला घेऊ नये असेही सुचवले.

सातव्या घरी एवढ्याने भागणार नव्हते. संकरातून आलेली, पण वरवर घनसाळसारखीच दिसणारी झाडे डोळ्यांना सापडत नाहीत. तिथे आम्ही आजींची पद्धत आणि मार्कर यांची सांगड घातली. ऑक्टोबरमध्ये आजी आमच्याबरोबर त्या शेतात आल्या. त्यांनी त्यांच्या नजरेने घनसाळची म्हणून चाळीस झाडे निवडली, आम्ही प्रत्येक झाडाला क्रमांकाची चिठ्ठी बांधली आणि एकेक पान ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या डबीत घेतले. या वेळी पाने नुसती पिशवीत भरली नाहीत. सहा जागांवर तपासल्यावर चाळीसपैकी सदतीस झाडे घनसाळची निघाली. उरलेल्या तिघांपैकी एकाकडे बोट दाखवून, "ह्याची लोंबी जरा येगळी वाटतीया, पर घ्या," असे आजी तेव्हाच म्हणाल्या होत्या, हे विद्यार्थिनीच्या नोंदवहीत आहे.

त्या सदतीस झाडांच्या लोंब्या वेगवेगळ्या कापून पुढच्या खरिपात एका वाफ्यात सदतीस ओळींत लावल्या, एका झाडाची एक ओळ. त्या वाफ्याला धूळवाफ पेरणी मुद्दाम केली नाही. आधीच्या हंगामात गळालेले दाणे पेरलेल्या ओळीतच उगवून आले की ते वेगळे काढता येत नाहीत, म्हणून तरवा दुसरीकडे तयार करून लावण केली. निसवल्यावर दोन ओळी उंचीला वरखाली दिसल्या. त्या आम्ही आणि त्या घरच्या वहिनींनी मिळून काढून टाकल्या. पस्तीस ओळींचे भात एकत्र मळले, यंत्राला न देता, खळ्यावर झोडपून. त्यातले पायलीभर बियाणे आजींनी मागून घेतले आणि आपल्या जुडीशेजारी, आमच्या क्रमांकाची चिठ्ठी तशीच ठेवून, आढ्याला टांगले.